छावणीत जाणारी पोरगी

"हॅलो?… हां आक्का, बोल… नाय, दम लागलाय जरा. नळ आला होता ना आज."

आठवड्यानं आलेला नळ. पण अंबिकाच्या दारातला ड्रम आडवा पडला होता, आणि त्यातलं पाणी पुंडलिकनगरच्या गल्लीतून वाहत पार कोपऱ्यापर्यंत गेलं होतं. लाथ ज्ञानेश्वरीनं घातली होती, तिच्या लेकीनं. शेजारची सारजाबाई कुणाला तरी हळूच म्हणाली, "हीच ती, डोक्यानं जरा अशी," आणि ते नेमकं पोरीच्या कानावर पडलं. आता वीस वर्षांची ज्ञाना आतल्या खोलीत कडी लावून बसलेली, आणि अंबिका बाहेर ओल्या फरशीवर, त्या दाराला पाठ टेकून.

"पाणी? भरलं की. भरलं अन् सांडलं… अगं, सांडलं म्हणजे सांडलं. ज्ञानाच्या हातून… नाय, ओरडले नाय. ओरडून काय परत येतंय?… हो, हो, तुमच्या करमाडला टँकर, माहितीये मला. विहिरी कोरड्या अन् रोडला प्लॉटिंग जोरात. राहायला येतील ती माणसं पितील काय?… अगं ऐक ना, ठेवू नको. बोलत राहा… काय नाय, असंच."

मेंढरू बुजलं तर त्याच्यामागं पळायचं नाही, हे दोघी बहिणींना आबांनी लहानपणीच शिकवलं होतं. पाठ करून बसायचं आणि आपलं काहीबाही बोलत राहायचं. ओळखीचा आवाज ऐकून ते आपल्या पायानं येतं. मागच्या खेपेला अंबिकाच्या नवऱ्यानं, सोनाजीनं, दार तोडलं होतं. नवी कडी बसली, पण पोरगी महिनाभर कुणाशी बोलली नाही. आज तो कंपनीतून यायच्या आत ती कडी निघायला हवी होती, आणि आतूनच निघायला हवी होती. कात्री अंबिकानं आधीच उचलून ठेवलेली. गोळ्यांची पट्टी कायम तिच्या पदराच्या गाठीत.

"रविवारी? रविवारी कोण येतंय?… पाव्हणे?… बघायला?"

दारापलीकडचं मुसमुसणं थांबलं.

"आक्का, मी तुला कवा म्हटलं बघायला आण म्हणून?… असंल ना पोरगा चांगला, नाय कोण म्हणतंय… कष्टाळू? कोण, आमची ज्ञाना? अगं, तिला उठवता उठवता माझा चहा दोनदा गार होतो. कुणी सांगितलं त्यांना?… तू?… कोणत्या छावणीत?"

अंबिका जरा सरळ बसली.

"थांब, थांब. मी काय म्हटलं होतं?… व्हय. दर मंगळवारी तिला छावणीत नेते, असं म्हटलं होतं… अगं, ती जनावराची नाय गं बाई. शेण काढायला? वैरण टाकती म्हणून सांगितलं तू त्यांना?"

तिला हसू आलं. आक्काचं तरी काय चुकलं. दुष्काळात गावाकडं छावणी म्हणजे एकच, चाऱ्याची. शहरातली लष्कराची छावणी, तिथला बाजार, बाजारामागं एका जिन्याच्या वर दवाखाना असणाऱ्या डॉक्टरीणबाई, हे आक्काला कुठून ठाऊक असणार? आणि गप्प राहिलं, तर सगळं सोपंच होतं. मुक्या जनावरांची सेवा करणारी पोरगी कुणाला आवडणार नाही? सोनाजीही खूश झाला असता. रविवार पार पडला असता.

पाठीशी दार होतं. दाराला कान लागलेला होता, हे तिला न बघता कळत होतं.

"आक्का, ऐक आता. मधी बोलू नको… ती छावणी शहरातली. तिथं डॉक्टरीणबाई हाय. मनाची… व्हय, मनाची. ज्ञानाचं औषध चालू हाय… येडी नाय ती. बाहेरचं नाय, कुणी काय केलेलं नाय. तू शुगरची गोळी घेती ना, तशी तिची गोळी… लग्न झाल्यावर नीट होईल? मला आईला जमंना ते सासूला जमंल व्हय?… नाय म्हण त्यांना… खरं ते सांग. नायतर माझ्यावर घाल, आईच तऱ्हेवाईक हाय म्हण. पण पोरीच्या नावावर खोटं नको… थकले गं. लई थकले. पण माझी मला दमवतीय ना, दमवू दे. इतक्यात कुणाला द्यायची नाय… आक्का?… हॅलो?"

फोन कटला होता. रागानं कटला की रेंज गेली, कळायला मार्ग नव्हता. अंबिकानं तो कानावरून काढला नाही. आवाज थांबवून चालणार नव्हतं.

"हां… हो ना… पाण्याचं काय, बोअरवाल्यांकडून आणीन चार घागरी… नाय, ज्ञानाला काय म्हणायची नाय मी. सारजाबाईला बघते… तसं पाणी तिच्याच दारातून गेलं. तेवढंच तिचं अंगण धुतलं गेलं, कधी नाय ते…"

आणि बोलता बोलता कानाशी धरलेला तोच फोन खणाणून वाजला.

तिनं दचकून पाहिलं. स्क्रीनवर नाव ज्ञानाचं.

"हॅलो?… हितंच हाय, कुठं जाणार… व्हय, कटला होता. कवाच. तुला कसं कळलं?… ते खरंय. मावशी इतका वेळ गप नाय बसत… हसती काय गं… नाय येत पाव्हणे. ऐकलंस ना सगळं?… पप्पांचं मी बघते… काय? वैरण? हाय की. भाकर हाय, ठेचा हाय. पण छावणीचा कायदा हाय बाई, दावणीला आल्याशिवाय वैरण नाय… नाय, वळून बघत नाय. पाठ करूनच बसलीय… ये."

ती तशीच बसून राहिली, कानाला फोन लावून. कडी सरकल्याचा आवाज आधी पाठीमागून आला, आणि जरा उशिरानं फोनमधूनही.

मग तिनं फोन ठेवला.