गाडग्यातले चिंचोके

चहा प्यायला आलाय न्हवं? मग गप प्या की! तीच गोष्ट कितींदा सांगायची?

लढाईच्या सालात मला पलटणीत जायचं हुतं. मोजता येत न्हवतं, म्हणून थोरल्या भावानं गाडग्यात पाचशे चिंचोके घालून दिले. एक बैठक मारली की एक चिंचोका टोपलीत. महिनाभर एक दिस खाडा न्हाई, पर गाडगं रोज जास्तच उशिरा सरायचं.

मिरजेच्या भरतीत सायब म्हणाला, "बैठ." बसलो. "उठ." उठवंना गड्या! दोघांनी उचलून भाईर काढलं.

लंगडत घरी आलो, तर बायको रडता रडता हसली. "आवं, रोज मूठभर चिंचोके मीच वाढवत हुते. लढाईवर गेलेला माझा भाऊ अजून आला न्हाई."

पर चुकलं म्हणून आजपतुर म्हणली न्हाई, ही चहा गाळतीया ती शेवंता.