मिस व्हिटकॉमना दिलेला तिळगूळ

आदरणीय अध्यक्ष जगन्नाथकाका, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळाचे कार्यकर्ते आणि इतक्या ट्रॅफिकमधून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

शाल मिळाली, मानपत्र आश्लेषाने सुरेख वाचलं. बावीस वर्षं नर्सिंग केलं, पण एवढं कौतुक पहिल्यांदाच ऐकतेय. त्यात एक वाक्य आहे, 'हॉलिवूडमधलं पन्नास वर्षांचं वैर वसुधाताईंनी तिळगुळाने मिटवलं.' पेपरातला फोटोही तुम्ही मोठा करून लावलाय. मंडळी, हे खोटं आहे. रिटायर होताना ते अंगावर घेऊन कशी जाऊ?

फोटोत नटी मिस व्हिटकॉम आणि दिग्दर्शक मिस्टर ऑर्डवे आहेत. दोघंही मी नर्स होते त्या इथल्या हॉलिवूडजवळच्या वृद्धाश्रमात, कॉरिडॉरच्या दोन टोकांना. त्यांच्या त्या गाजलेल्या सिनेमातलं बाईंचं रडणं लोक अजून वाखाणतात. ते रडणं खरं होतं हो! अख्ख्या युनिटसमोर ऑर्डवे म्हणाले होते, "तुला अभिनय येत नाही, निदान रडता येतं का बघू." आणि कॅमेरा चालू ठेवला. एका 'सॉरी'साठी बाई पन्नास वर्षं थांबल्या होत्या.

दोन हजार पाचच्या संक्रांतीला मला अवदसा आठवली. तिळगुळाची वाटी त्यांच्या हातात दिली नि म्हटलं, "मिस्टर ऑर्डवेंनी पाठवलाय. सॉरी म्हणालेत." आपल्याकडे दोन जावांमध्ये आपण असंच करतो ना? इकडचं तिकडे गोड करून सांगायचं. त्यात काय बिघडतं?

त्यांनी माझ्याकडून लिपस्टिक लावून घेतली. व्हीलचेअर मीच ढकलली, थेट ऑर्डवेंच्या टेबलापर्यंत. डायनिंग हॉल भरलेला होता. दोघं समोरासमोर येताच कुणीतरी फोटो काढला, पेपरात आला तो हाच. मग बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलं."

"कशाबद्दल? मी काहीच पाठवलेलं नाही." ऑर्डवे सगळ्यांकडे वळून हसले. "बघा, हिला अजूनही अभिनय येत नाही."

या वेळी बाई रडल्या नाहीत. खोलीत मी सगळं कबूल केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वसुधा, वाट बघणं एवढंच काम उरलं होतं मला." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी नर्स मागून घेतली. पुन्हा डायनिंग हॉलमध्ये आल्या नाहीत. मार्चमध्ये गेल्या.

मंडळाचे मनापासून आभार. शाल ठेवते, मानपत्र मात्र परत घ्या. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. त्यांच्या दाराशी उभी राहून मीही तेच म्हणाले होते. त्यांनी नव्या नर्सला दार लावून घ्यायला सांगितलं.

नमस्कार.