हिर्डोशीचा कुमार आणि नुजहत मॅडम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना आज जड मनानं निरोप द्यायचा त्या आपल्या सगळ्यांच्या नुजहत मॅडम, आणि पार हिर्डोशी-मार्गासनीहून एसटीनं आलेले पालक व विद्यार्थी मित्रहो, नमस्कार.

मी मानसिंग. मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कित्येक वर्षं शिकवतो, आणि तितकीच वर्षं त्यांच्याशी भांडतो. विषय एकच. सॉफ्टवेअरच्या मुलानं मुलाखतीला, नोकरीवर इस्त्रीचा शर्ट घालून जावं का? मॅडम म्हणायच्या, जावंच. मी म्हणायचो, प्रोग्राम चालला की झालं, कॉलर कोण बघतो? अध्यक्ष महोदय हसताहेत. त्यांनीही हा वाद ऐकलाय.

कुमार आमचा विद्यार्थी, हिर्डोशीचा. वडील लवकर गेले. आई सगुणाबाईंनी भात-नाचणी करून त्याला वाढवलं. मॅडमनी त्याला बळंच पांढरा शर्ट शिवायला लावला, आणि तो घालून त्यानं पुण्यात नोकरी मिळवली. सगुणाबाई गावभर सांगत सुटल्या, "माजा कुमार सायब झाला."

पण ऑफिसात सगळे टी-शर्टवर. कुमारही तसाच राहू लागला, तसाच घरी येऊ लागला. कधी आठवडाभर गावाकडूनच लॅपटॉपवर काम करायचा. त्याचं काही चुकलं का? मला तरी वाटत नाही.

सगुणाबाईंनी मात्र विचारलं, "काम गेलं का रं तुजं?"

"न्हाई गं आये, आमच्यात असंच चालतं."

त्यांना पटलं नाही. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून पोरगं खोटं बोलतंय, असं त्यांनी मनाशी धरलं. छातीत दुखू लागलं तेव्हा शेजारच्या साळूबाईंना बजावलं, "त्येला सांगू नगंस. आदीच बिनकामाचा हाय, त्यात माजा दवाखाना कुठं." लावणी चालू असताना त्या खाचरातच कोसळल्या. इथं भोरला दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मॅडम आणि मी भेटायला गेलो. साळूबाईंनी हे कुमारसमोरच सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, शर्ट घालून आलो असतो तर?"

मॅडम त्याच्याजवळ खाली बसल्या. "नाही बेटा, शर्टाचं नाही हे. तू काय काम करतोस, ते त्यांना कुणी दाखवलंच नाही."

त्यानंतर आमचं भांडण मिटलं. मॅडम पालकांना क्लासमध्ये बोलवू लागल्या. मुलं त्यांना शेजारी बसवून आपण बनवलेलं चालवून दाखवतात. गेल्या खेपेला वेल्ह्याचे सोनबा लेकीला म्हणाले, "म्हंजी ह्ये तू केलंस व्हय?" आणि स्वतःच्या हातानं ते पुन्हा चालवून बघू लागले.

काही मुलांचं कुणीच येत नाही. बस चुकते, शेतात काम असतं, काहींना तर कुणी नसतंच. त्यांच्याशेजारी पुण्याहून येऊन कुमार बसतो. "मला दाखव," म्हणतो, आणि त्यातलं काहीच कळत नसल्यासारखं सावकाश समजावून घेतो.

मॅडम, उद्या तुम्ही साताऱ्याला बहिणीकडे निघालात. क्लास आम्ही चालवू. पालकांना बोलावणंही थांबणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या भरात काही कमीजास्त बोललो असेन, तर पोटात घाला.