आभाळातला दगड आणि कासमशेठ

बंधू-भगिनींनो, म्हसळ्याहून, रेवसहून तुम्ही आलात. कोळीवाडा तर सगळाच आलाय. मी शाळामास्तर, बोलणं हाच माझा धंदा. आज बोलायचं ते आपल्यातून गेलेल्या कासमशेठविषयी.

कासमशेठ सुपारीचे व्यापारी. मुंबईहून त्यांनी दुर्बीण आणली. सूर्य मावळल्यावरची मगरीबची नमाज झाली की ती ओटीवर मांडायचे. येईल त्याला म्हणायचे, "बघा तर खरं!"

तुम्हाला तो उल्कापात आठवतो? दिवेलागणीला आभाळ लखकन् पेटलं आणि धर्मा तांडेलाच्या अंगणात काळा दगड पडला. धर्माची सून जानकी नुकतीच लग्न होऊन आलेली. लोक म्हणाले, हिचाच पायगुण. भीतीनं होड्या काठावरच राहिल्या. सासू राधाबाई तिला माहेरी धाडायला निघाली.

शेठ धावत गेले. दगडाला हात लावायला कोणी तयार नव्हतं. यांनी उचलला. म्हणाले, "मास्तर, केवढा जड! होकायंत्र आणा." दगडाजवळ नेताच काटा गर्रकन् फिरला. "लोखंड! आभाळात लोखंड कुठून आलं असेल हो?" भीती नाही, नवलच. मग राधाबाईंना म्हणाले, "दगड अपशकुनी असेल तर तो माझ्या घरी राहू दे. पोरीला मात्र धाडू नका."

दगड त्यांनी घरी नेला. राधाबाईंना ओटीवर बोलावलं, गुरू दाखवला. त्याच्या बाजूला चार चंद्र, एका रेघेत. दुसऱ्या दिवशी तीनच.

"एक खय गेला?" राधाबाई घाबरल्या.

"गुरूच्या मागं गेला. फिरतोय तो. उद्या या."

त्या आल्या. चंद्र परत आला होता. बराच वेळ त्यांनी दुर्बिणीवरून डोळा हटवला नाही. मग म्हणाल्या, "ह्यो आपल्या वाटेनं जातो, आपल्या वाटेनं येतो. त्याला आमची पोर काय सांगनार? दगडालाबी काय सांगितलं आसंल?"

जानकी राहिली. होड्या निघाल्या. जानकीबाई, तुम्ही इथं बसला आहात. मी काही वाढवून सांगतोय का?

शेवटच्या आजारात शेठना शनी बघायचा होता. शनी म्हटलं की आपण तोंड फिरवतो. त्यांना तो सगळ्यांत लाडका, त्याच्या कड्यासाठी. पण उठवत नव्हतं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही बघा आणि मला सांगा."

मी बघितलं. "शेठ, कडं नाही. नुसती बारीक रेघ आहे."

वाटलं, खट्टू होतील. ते हसले. "म्हणजे कडं आडवं झालंय, आपल्याला त्याची नुसती कड दिसतेय. वर्षा-दोन वर्षांत पुन्हा उघडेल. तेव्हा सगळ्यांना बोलवा हं."

शेठ, बोलावीन.

मंडळी, आता उभे राहू या. ज्याला दुवा मागायची त्यानं दुवा मागावी, ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावे. थोडा वेळ कोणी काही बोलू नये.