नाव मागायला

(उमान्नाक, ग्रीनलंड. एप्रिलमधली सकाळ. कार्लीनाच्या अतिथिगृहाचं स्वयंपाकघर. तिची लेक आविआया पाहुण्यांसाठी यादी लिहीत बसली आहे.)

आविआया : ...चर्च, ठेवलं. बर्फाला भोक पाडून मासे धरणं, ठेवलं. आता कुत्र्यांची गाडी. ठेवू की खोडू?

कार्लीना : खोड.

आविआया : अगं, अकरा कुत्री टेकडीवर नुसती बांधून आहेत. खातात आणि केकाटतात.

कार्लीना : हाकणारा गेला. आता कोण हाकणार, तू?

आविआया : पाविआ हाकतो म्हणालाय.

कार्लीना : त्याचं नाव माझ्या घरात काढू नकोस.

आविआया : एकाचं नाव घ्यायचं नाही, कारण तो गेला. दुसऱ्याचं घ्यायचं नाही, कारण तो परत आला. मग बोलायचं तरी काय या घरात?

कार्लीना : जिभेला फार धार आलीय तुझ्या.

आविआया : तुझीच लेक. बरं, खोल्यांचं सांग. उद्या हेलिकॉप्टरनं आठ जण येताहेत. दादाची खोली उघडली तर दोघं तिथे मावतील.

कार्लीना : तिथे कुलूप राहील. खिडकीत हातमोजे वाळत घातलेत त्यानं.

आविआया : ते केव्हाच वाळले, आई.

कार्लीना : ...पुढचं वाच.

आविआया : शेवटचं. रविवारी कॉफीचा बोलावा. पाहुण्यांना फार आवडतं, कुणाच्या तरी घरात कोंबून बसायचं, केक खायचा.

कार्लीना : कुणाकडे आहे?

आविआया : पाविआ आणि मालेनाकडे. त्यांच्या बाळाचं नाव ठेवताहेत.

कार्लीना : खोड.

आविआया : सगळं गाव जाणार आहे.

कार्लीना : जाऊ दे की. पाविआच्या पोरीशी आपला काय संबंध?

आविआया : आपलाच संबंध आहे. कुठलं नाव ठेवायचंय त्यांना, ते तुला ठाऊक आहे.

कार्लीना : ठाऊक आहे म्हणूनच खोड म्हणते. दार वाजतंय बघ.

आविआया : ये पाविआ. बूट तिथेच काढ.

कार्लीना : अस्सं! घरातच फितुरी.

पाविआ : मावशी, उभ्याउभ्याच बोलतो.

कार्लीना : बस म्हणालंय कोण तुला?

पाविआ : चौथ्यांदा येतोय मी. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाद्रीबाबांना नाव सांगणार नाही. मालेना म्हणते, दुसरं ठेवू एखादं. मी म्हटलं, नाही. त्याचं नाव उघड्यावर पडलंय. त्याला घर नको का?

कार्लीना : तू देणार घर?

पाविआ : तुम्हीच सांगायचात ना आम्हाला लहानपणी? गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की माणूस घरी येतो, मुलगा असो की मुलगी. तुम्हाला आजीच्या बाबांचं नाव दिलेलं, म्हणून ती मरेपर्यंत तुम्हाला 'बाबा' म्हणायची.

कार्लीना : माझ्या आजीच्या बाबांना बर्फावर टाकून कुणी पळालं नव्हतं!

आविआया : आई!

पाविआ : बोलू दे त्यांना. आजवर दारातूनच परत पाठवलंत, आज ऐकून घ्या. तो पुढे होता, मी मागे. त्याच्या गाडीखाली बर्फ फाटला. मी दोर घेऊन पोटावर सरपटत निघालो. तो ओरडला, मागे हो, मालेनाला आठवा महिना लागलाय, मागे हो! आणि मी... थांबलो. तो कुत्र्यांचे पट्टे कापत होता. कुत्री वर आली. सगळी. तो नाही आला.

कार्लीना : तो असं म्हणाला? मालेनाचं?

पाविआ : दोनदा म्हणाला.

कार्लीना : मग गावाला का नाही सांगितलंस? अडीच महिने शिव्या खाल्ल्यास माझ्या.

पाविआ : सांगितलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतंत. त्याचे शब्द पुढे करून सुटून जायचं मला नको होतं. मी थांबलो, हे तर खरंच आहे ना.

कार्लीना : जन्मात माझं एक ऐकलं नाही मेल्यानं. टोपी घाल म्हटलं तर कान लाल होईस्तोवर उघडाच हिंडायचा. आणि मरताना दुसऱ्याला दटावतोय.

आविआया : आई, पाणी देऊ?

कार्लीना : नको. रडू दे मला जरा... पोर कशी आहे?

पाविआ : केस भरपूर आहेत. दुधाला उशीर झाला की शेजारपाजार गोळा करते. पण हाक मारायला नाव नाही. 'ए', 'अगं' यावरच भागवतो.

कार्लीना : तीन आठवडे पोर बिननावाचं ठेवलंत? लाज नाही वाटत?

आविआया : तुझ्यामुळेच ना!

कार्लीना : कळतंय गं मला. माझाच राग आवरत नव्हता. दोन महिन्यांवर धरून बसले, आणि तिकडे ते लेकरू... उयाराक.

आविआया : आई, नाव घेतलंस!

कार्लीना : घेणारच. माझ्या उयाराकला आता कुणी 'ए' म्हणायचं नाही. कोट दे माझा.

पाविआ : बारसं रविवारी आहे, मावशी.

कार्लीना : रविवारपर्यंत कोण थांबतंय? चल, पुढे हो.

आविआया : आणि पाहुण्यांचा फोन यायचाय आत्ता. त्यांना तुझ्याशीच बोलायचंय. काय सांगू?

कार्लीना : सांग, मालकीण घरी नाही. मुलाकडे गेलीय.