एसीतलं स्थळ

आमच्या भाच्याची अक्कल ऐका. नागपूरच्या उन्हात बनियनवर वाढलेलं पोर महादेवपुऱ्यात नोकरीला लागलं, आणि साहेबांना बंगळूरची हवासुद्धा गरम वाटायला लागली! मोठ्या मुश्किलीने मी जयनगरचं स्थळ आणलं. मुलगी वडिलांबरोबर त्याच्या फ्लॅटवर आली, तर याने खिडक्या लावून एसी सोळावर ठेवलेला. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

वडील कुडकुडत म्हणाले, "स्वल्प कमी करता का?"

हा ऐटीत म्हणतो, "सवय आहे हो, अंकल. झोपतानाही सोळाच लागतो."

मुलीने विचारलं, "मग थंडी नाही वाजत?"

"वाजते ना! म्हणून तर दोन रजया घेतो."

मुलगी उठलीच. "चला अण्णा. यांना बायको नकोय, तिसरी रजई हवी आहे."