बत्तीस उत्तरपत्रिकांमधला करुण रस

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख आदरणीय महादेवप्पा, व्यासपीठावरील प्राचार्य व मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे मराठीचे शेषेराव सर, त्यांच्या पत्नी सगुणाबाई काकू, मुखेडकर बंधुभगिनींनो आणि विद्यार्थ्यांनो,

मला तीन मिनिटं दिली आहेत. हारतुऱ्यांनंतर गोड बोलावं, हे मलाही कळतं. पण काल संस्थेचं पत्र आलं की उद्यापासून सरांच्या जागी मराठी विभागप्रमुख मी, अयोध्या. तेव्हापासून अन्न गोड लागलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी इथं नवीन होते, नोकरी कायम व्हायची होती. सर फळ्यावर एक ओळ लिहायचे, ‘उन्हानं गावाची पाटी पुसली’. पोरं लगेच सांगायची, चेतनगुणोक्ती अलंकार. सर म्हणायचे, "नाव नंतर. कवी उन्हाला माणसासारखं कशापायी वागवून राहिला, ते सांग आधी." एका ओळीत तास संपायचा. मला वाटे, अशानं अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा? म्हणून मी माझ्या वर्गाला एक तयार रसग्रहणच लिहून दिलं. करुण रस ओथंबतो, रूपकानं सौंदर्य खुलतं, रिकाम्या जागी कवीचं नाव टाका. पोरांनी ते घोकलं.

बारावीच्या पेपरात न शिकवलेली कविता आली. शेळी नवरदेवाचं बाशिंग खाते आणि अख्खं वऱ्हाड तिच्यामागं धावतं. आपल्या बत्तीस मुलांनी त्यात करुण रस शोधला. आज हसू येतंय ना? तेव्हा कुणी हसलं नाही. शब्दन् शब्द सारखा, म्हणजे सामूहिक कॉपी. बत्तीसही निकाल रोखले गेले.

लातूरला बोर्डाच्या चौकशीसाठी सर आणि मी गेलो. समितीनं विचारलं, हे लिहून कुणी दिलं? मी मान खाली घातली. नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. मग सर उठले. "विभाग माझा हाय. टिपणं मीच दिली. पोरायला सोडा."

परतीच्या एसटीत ते इतकंच बोलले की उद्यापासून लिहून देऊ नकोस, ओळ वाचायला लाव. मुलांचे निकाल लागले. सरांच्या सेवापुस्तिकेत ठपका आला आणि तोंडाशी आलेलं उपप्राचार्यपद गेलं.

काकू, नऊ वर्षं तुम्ही समजत आलात की चूक सरांची होती. ती माझी होती.

सर मघापासून मला बसायची खूण करताहेत. सर, लातूरला गप्प बसले तेवढं पुरे झालं.

अध्यक्ष महोदय, सुरुवातीला मी दिलेला लिफाफा आपण मानपत्र समजून बाजूला ठेवलात. त्यात माझा सहीनिशी जबाब आहे. सरांवरचा ठपका माझ्या नावावर घ्यावा, मग माझ्या पदाचं काय ते ठरवावं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. वेळ जास्त घेतला, शब्दही कमी-अधिक झाले, त्याबद्दल सभागृह मला क्षमा करीलच. सरांकडं मी क्षमा मागत नाही, ती त्यांनी एसटीतच केली होती. मला ती काकूंकडून हवी आहे.